पौड रस्त्याच्या उतारावर मी

मित्रांनो, मी एक जुनी डिझेल बस आहे. जुनी म्हटले की माणसे लगेच भंगाराचा भाव विचारतात, म्हणून आधीच सांगून टाकते: मी अजून चालते, आणि चांगली चालते.

माझा सांगाडा एका कारखान्यात तयार झाला आणि अंग दुसऱ्यात. पत्रे ठोकले, काचा बसवल्या, रंग दिला आणि एका सकाळी मला स्वारगेटच्या आगारात आणून उभे केले. माझ्या वाट्याला कर्वेनगरचा मार्ग आला. चौदा वर्षे मी तो केला. यवतमाळ, वाशीमकडची मुले पहिल्यांदा पुण्यात येत आणि सामान सांभाळत विचारत, "काका, कर्वेनगर आलं की सांगाल ना?" माझे वाहक दत्तोबा चष्म्यावरून बघत म्हणत, "पाट्या वाचता येत नाहीत, आणि इंजिनिअर व्हायला आलात?" मात्र थांबा आला की तेच त्यांची बॅग खाली उतरवून देत.

माझे ब्रेक मात्र पहिल्या दिवसापासून एकाच माणसाने सांभाळले. ते म्हणजे रंगनाथ मिस्त्री. बाकी काही राहिले तरी चालेल, ब्रेक राहता कामा नये, हा त्यांचा नियम. "ब्रेक म्हणजे दिलेला शब्द," ते म्हणत, "पाळायचा म्हणजे पाळायचा."

आणि मला चालवणारी होती रुपाली. शिवण्याच्या शेतकरी घरातली मुलगी. आधी ट्रॅक्टर चालवायला शिकली, मग मला. सात वर्षांत तिने माझ्या अंगावर साधा ओरखडा येऊ दिला नाही.

मग शहरात चालकाशिवाय धावणाऱ्या बसगाड्या आल्या. अग्रचक्र नावाच्या कंपनीने त्या बनवल्या होत्या. निळ्याशार, विजेवर चालणाऱ्या, आवाज म्हणून नाही. लोक थांब्यावर उभे राहून त्यांचे फोटो काढत. मला भिंतीकडेला लावून ठेवले. टपावर कावळ्यांनी बस्तान मांडले. माझ्या धुळकट काचेवर कोणीतरी बोटाने लिहून गेले, 'धुतलीत तर बरे होईल.' तेही कोणी पुसले नाही.

नव्या गाड्यांची चाचणी घ्यायला रुपालीला निवडले होते. तीन आठवडे ती त्या गाड्यांत बसली आणि तिला एक गोष्ट खटकली. गाडीत प्रवाशांसाठी लाल बटण होते. ते दाबले की गाडी थांबते, असे वर लिहिले होते. प्रत्यक्षात ते बटण आधी संगणकाला विचारत असे, आणि संगणकाला पटले तरच ब्रेक लागत असे. एकदा उतारावर संगणकाने चार सेकंद विचार केला. रुपालीने अहवालात लिहिले: ब्रेकसाठी हाताने ओढायची, थेट चाकापर्यंत जाणारी दांडी हवी. तोवर प्रवासी बसवू नयेत.

कंपनीचे अधिकारी इंद्रजीत साहेब स्वतः आगारात आले.

"मॅडम, चार सेकंदांचं काय एवढं? लाखात एखाद्या वेळी होतं."

"मग त्या वेळी आत कोण बसणार, ते आधी ठरवा. त्यांना विचारून मी सही करते."

तिने सही केली नाही. दुसऱ्या कोणीतरी केली. रुपालीला चाचणीवरून काढले आणि नव्या चालकांना 'त्या जुन्या डब्यावर' शिकवायला सांगितले. तो डबा म्हणजे मी. तिने पहिल्या दिवशी बादली घेतली आणि माझ्या काचा धुतल्या. रंगनाथ मिस्त्रींनी माझ्या सगळ्या चाकांच्या ब्रेकमध्ये नवे पट्टे भरले.

त्या ब्रेकची चाचणी घ्यायला एका मंगळवारी सकाळी ती दोघे मला चांदणी चौकात घेऊन गेली. सव्वानऊ वाजले होते. इतक्यात भूगावहून स्वारगेटला जाणारी निळी बस आली आणि थांब्यावर न थांबता पुढे निघून गेली. आतली माणसे काचा बडवत होती. एक बाई दोन्ही हातांनी ते लाल बटण दाबत होती.

काय झाले ते रुपालीला क्षणात कळले. पुढे पौड रस्त्याचा लांबलचक उतार होता, आणि उताराच्या पायथ्याशी कोथरूड आगाराचा सिग्नल. त्या वेळी तिथे शाळेच्या गाड्या आणि दुचाक्या खच्चून भरलेल्या असतात.

तिने मला गिअरमध्ये टाकले. रंगनाथ मिस्त्रींनी फोन लावून तिच्या कानाशी धरला. पलीकडे इंद्रजीत साहेब होते.

"गाडीची वीज तोडा," ती म्हणाली.

"मोटार केव्हाच बंद केलीय. ब्रेकच आदेश घेत नाहीत." मोटार बंद होती, पण उतार चालू होता. "तुम्ही मध्ये पडू नका. आमची टीम बघतेय."

"टीम बघतेय, मीही बघतेय. फरक एवढाच, की मला ती गाडी दिसतेय. सिग्नल मोकळा करायला पोलिसांना सांगा."

मित्रांनो, इतकी मी आयुष्यात कधी धावले नव्हते. माझा पत्रा न् पत्रा थरथरत होता. भुसारी कॉलनीजवळ मी निळ्या बसला गाठले, भोंगा वाजवत तिच्या शेजारून पुढे गेले आणि रुपालीने मला बरोबर तिच्यासमोर आणले. मिस्त्री मागच्या काचेला नाक लावून उभे राहिले.

"मिस्त्री, अंतर सांगा!"

"दहा फूट. सात. चार... पोरी, आता हळू. दोन. टेकली!"

धाडकन धक्का बसला नाही. टेकली, इतकेच. हे रुपालीचे कसब. मग तिने ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला. तिसरा गिअर, मग दुसरा. दोन गाड्यांचे वजन माझ्या ब्रेकवर आले. माझी मागची बाजू चेपत गेली, काच फुटली, चाकांतून धूर निघू लागला. सिग्नल समोर दिसू लागला. तो अजून मोकळा झालेला नव्हता.

"मिस्त्री, ब्रेक धरतील ना?"

"मी भरलेत," मिस्त्री म्हणाले. एवढेच.

तिने सारा जोर लावून पाय दाबला. मी किंचाळले, घसरले, आणि थांबले. शेवटच्या दुचाकीत आणि माझ्यात एका खाटेएवढे अंतर होते.

मिस्त्रींनी पहारीने निळ्या बसचे दार उघडले. अडतीस माणसे उतरली, सगळी आपल्या पायांवर. बटण दाबणारी बाई भूगावच्या मथुराबाई होत्या. त्यांनी माझ्या पत्र्यावर हात फिरवला आणि रुपालीला म्हणाल्या, "बाई, तुमची गाडी जुनी हाय, पन जबान पाळनारी हाय."

गोष्ट इथेच संपली असती. पण दोन दिवसांनी कंपनीने जाहीर केले की आमची बस थांबतच होती, जुनी बस आडवी आली म्हणून टक्कर झाली. नीरजा नावाच्या चौकशी अधिकारी माझ्याकडे आल्या. त्यांनी माझी मागची बाजू बोटाबोटाने मोजली. मग त्या उतारावर गेल्या. रस्त्यावर टायरच्या काळ्या खुणा होत्या. त्या दीडशे पावले लांब होत्या, आणि सगळ्या माझ्याच चाकांच्या. निळ्या बसने एक रेघही उमटवली नव्हती.

चौकशीच्या दिवशी भरलेल्या सभागृहात नीरजाबाईंनी त्या खुणांचे फोटो पडद्यावर दाखवले आणि विचारले, "साहेब, आपली बस थांबत होती, तर कशाने?"

इंद्रजीत साहेबांनी समोरचा माइक बाजूला सारला. मग उठून म्हणाले, "रुपाली मॅडमचा अहवाल माझ्याच टेबलावर होता. मी तो पुढे पाठवला नाही."

त्याच संध्याकाळी सगळ्या निळ्या गाड्या रस्त्यावरून उतरवल्या गेल्या. चार महिन्यांनी त्या परत आल्या, तेव्हा प्रत्येकीत हाताने ओढायची पिवळी दांडी होती. पहिली दांडी रुपालीने ओढून पाहिली. आता तिच्या सहीशिवाय एकही गाडी आगाराबाहेर पडत नाही. ज्या दिवशी तिने पहिली सही केली, त्या दिवशी आगारातल्या प्रत्येक गाडीने भोंगा वाजवला. सर्वांत मोठा कोणाचा होता, हे मी सांगणार नाही.

माझी पाठ मिस्त्रींनी ठोकून सरळ केली आहे. सोमवार ते शनिवार मी चालकांच्या शाळेत असते. नव्या गाड्यांवर मी रागावलेली नाही. त्या हुशार आहेत, फक्त कोणीतरी त्यांना घाईने रस्त्यावर सोडले होते.

मित्रांनो, एवढेच मागते. यंत्र नवे असो की जुने, त्याला वेळच्या वेळी तपासा. आणि तुमच्यातले कोणी 'हे बरोबर नाही, मी सही करणार नाही' असे म्हणाले, तर त्याला हेकट म्हणू नका. आधी त्याचे म्हणणे पुरते ऐकून घ्या. त्या दिवशी अडतीस घरांत माणसे परतली, कारण एका बाईला 'नाही' म्हणता येत होते आणि तिला गाडीही चालवता येत होती. तुम्ही दोन्ही शिका.