जोड दिलेली व्हॅन

वळणावर व्हॅनचं पुढचं तोंड एकीकडे गेलं आणि मागचा भाग दुसरीकडे. तेलगावहून माजलगावच्या कॉलेजला मुली घेऊन निघालेल्या वर्षाराणीने स्टिअरिंग घट्ट धरलं, पण गाडी उसात शिरली तेव्हाच थांबली. मुली रडत बाहेर आल्या. शिवकन्याचा हात कोपरापासून लोंबत होता. तिचे आईबाप ऊसतोडीला कर्नाटकात गेलेले. पोरगी वर्षाराणीच्या भरवशावर.

गॅरेजात सोमनाथ मिस्त्रीने व्हॅनच्या तळाला फासलेला रबराचा लेप खरवडून काढला. आत मधोमध वेल्डिंगची जाड रेघ होती.

"ही एक गाडी न्हाई, ताई. ठोकलेल्या दोन गाड्यांचे तुकडे जोडलेत."

वर्षाराणी तशीच विजयसिंहाकडे गेली. हमरस्त्याला त्याचा जुन्या गाड्यांचा बाजार होता आणि तालुक्याच्या राजकारणात त्याचं वजन. व्हॅन विकताना तो म्हणाला होता, "कुठं खरचटलेली सुदिक न्हाई."

आता त्याने चहा मागवला. "जुनी गाडी हाय, ताई. जशी हाय तशी घेतली, बाँडवर सही केली तुमी."

"जोड दिलाय हे बाँडवर लिव्हलं होतं का?"

"आमाला तरी कुठं ठाऊक?"

"मग त्या रेघेवर रबर कुणी फासलं?"

विजयसिंह खुर्चीत मागे रेलला. "पोरीच्या दवाखान्याचं बघू. विषय वाढवू नका. इथंच ऱ्हायचंय ना?"

चहाला हात न लावता ती उठली.

घरी सासरे उत्तरेश्वर म्हणाले, "मोठ्या माणसाच्या नादी लागू नगंस."

"मामा, पोरगी गेली असती तर तिच्या आईला काय सांगितलं असतं मी? माणूस मोठा होता म्हनून गप बसले?"

तक्रार द्यायला बीडला मात्र सासरेच तिच्यासोबत गेले.

ग्राहक आयोगात तिने वकील केला नाही. विजयसिंहाने केला होता. तो वकील म्हणाला, "या बाई व्हॅन भाड्याने चालवतात. धंद्यासाठी घेतलेल्या गाडीचा ग्राहक होत नाही."

"डायवर मीच, गाडी धुणारी मीच," वर्षाराणी म्हणाली. "पोटासाठी चालवते. ह्येला धंदा म्हनायचं तर आमी कुठं जायचं?"

अध्यक्षबाईंनी वकिलाला बसायला सांगितलं. पोटासाठी स्वतः राबणारा माणूस कायद्याने ग्राहकच असतो, त्या म्हणाल्या. आणि 'जशी आहे तशी' लिहून घेतलं म्हणून दोष लपवायची मुभा मिळत नाही. सोमनाथची साक्ष झालेलीच होती.

"गाडी परत करा. तुमचे पैसे आणि मुलीच्या उपचाराला तुम्ही केलेला खर्च मिळेल."

"गाडी कुणाला परत?"

"विकणाऱ्याला."

वर्षाराणीचा आवाज चढला. "म्हंजे त्यो परत रबर फासून दुसऱ्याला विकंल. दुसऱ्याच्या पोरी बसतील त्यात. मी तक्रारीत लिव्हलंय, ही गाडी पुन्हा कुणालाच विकायची न्हाई. पैशाआधी त्ये बघा."

मागून विजयसिंह म्हणाला, "माझी गाडी, मी काय बी करीन."

अध्यक्षबाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं. धोकादायक वस्तू बाजारातून काढायला लावायचा अधिकार आयोगाला आहे, असं त्यांनी शांतपणे ऐकवलं. निकालात तेही आलं: विक्री बंद, आरटीओकडून नोंदणी रद्द करून गाडी भंगारात.

विजयसिंह अपिलात गेला, तिथेही हरला. व्हॅन कापली त्या दिवशी वर्षाराणी शिवकन्याला घेऊन भंगारवाल्याकडे मुद्दाम गेली. भंगारवाला गॅस कटरने पत्रा कापत होता. विजयसिंह सावलीत उभा होता.

"झालं समाधान, ताई?"

"न्हाई," ती म्हणाली. "हिचा हात अजून सरळ होत न्हाई. आन् तुमच्या बाजारात आनखी लई गाड्या हुब्या हायेत."

त्याने तोंड फिरवलं. शिवकन्याला निघायचं होतं, पण वर्षाराणी पत्र्याचा शेवटचा तुकडा पडेपर्यंत तिथून हलली नाही.