नक्षत्रबाबाची पट्टी

"बोलो नक्षत्रनाथ की जय!"

मोहगावच्या टेकडीवर माणसांचा नुसता खच पडला होता. पांढुर्ण्यातून, सौंसरातून गाड्या भरभरून लोक आलेले. मांडवावर दणदणीत हॅलोजन, आणि त्याखाली हात पसरून नक्षत्रबाबा.

"देखो ऊपर! कितने तारे? दस? बीस? पाप का पडदा है, भाई! आज बाबा पडदा हटाएगा!"

मोबाइल पायथ्यालाच टोपलीत गोळा केले होते. चेल्यांनी सगळ्यांच्या डोळ्यांवर भगव्या पट्ट्या आवळल्या आणि लांबलचक भजन सुरू झालं.

दहावीतली तृप्ती रागाने नुसती धुमसत होती. ही टेकडी शोधली कोणी? तिने! शाळेच्या आकाश-मंडळासाठी लोधीखेडा, बोरगाव, मोहगाव पालथी घालून. काळोख मोजायचं मुठीएवढं मीटर आभाळाकडे धरायचं. आकडा मोठा तितका काळोख दाट. बसस्टँडवर अठरा, इथे एकवीस! तारे बघायला याहून झकास जागा नाही, असं तिने गावभर ओरडून सांगितलं. ऐकलं फक्त या बाबाने.

तेही चाललं असतं. पण शेजारी मोठी आई बसली होती, तिच्या बापाची थोरली वहिनी अंबाबाई. तिला काचबिंदू. थेंब रोज टाका, एकदा गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरने बजावलेलं. आणि मागच्या अवसेला बाबा म्हणाला, "दवा छोड, माई, दिव्यदृष्टी खुलेगी!" हिने बाटली उकिरड्यावर फेकली.

"मोठी आई, अजूनही ऐक. थेंब सुरू कर."

"चूप राय, पोरी! बाबानं मले अख्खं आभाळ दाखवलं. तुह्या डॉक्टरनं काय दाखवलं?"

 तृप्तीने पट्टी उजव्या डोळ्यावरून हळूच वर सरकवली आणि त्या एका डोळ्याने हॅलोजनच्या उजेडाकडे बघत बसली. मीटर घेऊन हिंडताना तिला एक गोष्ट कळली होती, मोबाइल लावला की तारे पळतात.

भजन थांबलं. फट्! हॅलोजन विझला. "पट्टी खोलो!"

"अरे बापा!" अख्खी टेकडी ओरडली. वर ताऱ्यांचा सडा! बायका रडू लागल्या. तृप्तीने उजवा डोळा झाकला, तर तारेच तारे. डावा झाकला, तर चार-दोन टिंबं.

ती ताडकन उठली. "बाबा, माझा एकच डोळा पावन झाला! दुसऱ्याचं काय?"

"आधी श्रद्धा, आधा दर्शन!" बाबा गरजला. लोक खो-खो हसले.

"बस खाली! अकलेचं प्रदर्शन करून राहिली!" मागून कोणीतरी खेकसलं.

तृप्तीचं डोकं फिरलं. "माझी श्रद्धा अर्धी, मान्य. पण मोठ्या आईची तर पूर्ण आहे ना? मोठी आई, डावा डोळा तळव्याने घट्ट झाक." आणि ओढणीत लपवून आणलेल्या मोबाइलचा टॉर्च तिने पळभर अंबाबाईच्या उजव्या डोळ्यासमोर धरून विझवला. "आता बघ वर."

"काहीच दिसून नाही राहिलं."

"आता डोळा बदल."

अंबाबाईने हात हलवला. हा डोळा, तो डोळा. पुन्हा हा, पुन्हा तो.

"अवो... इकडं हायेत. इकडं नाहीत."

हसू विरलं. तृप्ती सोबत आणलेलं मीटर उंचावून ओरडली, "आकडा मागे मोजला तोच, एकवीस! आभाळ बदललं नाही, डोळे बदलले! अंधारात बराच वेळ राहिले की कोणाचेही डोळे बारीक उजेड टिपतात. पट्टीनं तेच केलं. उजेड पडला की सगळं पुसलं. म्हणून तर मोबाइल काढून घेतात!"

बाबा मंत्र पुटपुटत मांडवामागे सरकू लागला.

"थांब बे!" अंबाबाईचा आवाज फाटला. "माहे थेंब काहून बंद केले? सांग!"

बाबा मांडवामागच्या अंधारात गडप झाला. दुसऱ्या दिवशी तृप्ती मोठ्या आईला दवाखान्यात घेऊन गेली. थेंब पुन्हा सुरू झाले. पण कडेची जी नजर गेली, ती गेलीच.

लोकहो, आभाळ कोणाच्या बापाचं नाही! अंगणातला दिवा विझवा, निवांत बसा, तारे आपोआप दिसतात. पट्टी बांधायला कोणी आला तर आधी त्याला विचारा, कशाला? आणि डोळे दुखले तर डॉक्टरकडे जा. आजच जा.