संगमरवर बँडमधला शेवटचा

मी सिंथेसायझर बोलतोय. नावाला घाबरू नका, घरात सगळे मला पेटीच म्हणतात.

जबलपुरात पुंडलिकरावांचा 'संगमरवर' नावाचा रॉक बँड होता. चाळीस वर्षं तेच त्याचे म्होरके, तेच गीतकार, आणि तालमीला चहाही तेच पाजायचे. त्यांचं एकेक गाणं अर्धा तास चाले, मध्येच ताल बदले. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात पहिल्यांदा वाजवलं, तेव्हा बऱ्याच वेळाने एक काका उठून म्हणाले, "भैया, सूर जुळवून झाले असतील तर गाणं सुरू करा ना!" मला हसू आवरेना. पुंडलिकरावांनी मात्र हट्ट सोडला नाही.

बाकीचे एकेक करून लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गेले. उरलो आम्ही दोघं.

पोटापाण्याच्या शिकवण्या आटोपल्या की ते माझ्यापाशी बसत. बटणं फिरवून फिरवून त्यांनी स्वतःचे आवाज घडवले. धुवांधार धबधब्याचा गडगडाट, छिन्नीखाली चिरकणारा दगड, नर्मदेवर उतरणारं धुकं. धुक्याला कसला आलाय आवाज, असं तुम्ही म्हणाल. माझ्याकडे होता. हे सगळे आवाज माझ्या पोटात एका लहानशा बॅटरीवर जिवंत होते, आणि त्यांच्यावरच पुंडलिकरावांचं सर्वांत मोठं गाणं उभं होतं. यंदाच्या गणेशोत्सवात ते वाजवायचं ठरलं होतं.

माझ्या दोन पट्ट्या मुक्या झाल्या होत्या. पुंडलिकरावांची मुलगी हर्षा फार मायेची. बाबांना चकित करायचं म्हणून ते गावाला गेलेले असताना तिने मला घमापूर मोहल्ल्यात दुरुस्तीला नेलं. कारागिराने पट्ट्या बसवल्या आणि जुनी बॅटरी काढून नवी घातली.

"दीदी, एकदम नया कर दिया!"

खरंच नवा केला. क्षणात मी कोरा झालो. ते आवाज मला आजही आठवतात, पण काढता येत नाहीत.

गावाहून परतल्यावर पुंडलिकरावांनी पट्टी दाबली. दुकानातल्या कोऱ्या पेटीसारखा गुळगुळीत पियानोचा आवाज आला. त्यांनी दुसरं बटण दाबलं, तिसरं दाबलं. मग हात मांडीवर ठेवले. आणखी चाळीस वर्षं कुठून आणणार होते ते?

"बाबा, काहून बोलून नाही राहिले? आवडलं नाही का?"

"आवडलं ना, बेटा. अच्छा झाला."

गणेशोत्सवात त्यांनी माझ्यावर आरती वाजवली. टाळ्यांचा कडकडाट झाला. "पुंडलिकजी, आज मजा आ गया. असंच वाजवत जा ना!" लोक म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर त्यांनी मला हात लावलेला नाही. हर्षा रोज माझ्यावरची धूळ पुसते आणि म्हणते, "वाजवा ना थोडं." ते म्हणतात, "आज पाठ दुखून राहिली, बेटा."

मला आता दुरुस्ती नको, मान नको. एवढंच मागतो की, कधी त्या घरी गेलात तर हर्षाला यातलं काही सांगू नका. त्यांच्याजवळ सांभाळायला आता तिचं तेवढं समाधानच उरलं आहे.