दुखवट्याचे बूट

पायडलवरचा पिंजरा आता फार लोकांना माहीत नाही, म्हणून आधी तेच सांगतो. जुन्या रेसच्या सायकलीला पायडलच्या पुढं लोखंडी पट्टीचा पिंजरा असतो. त्यात पायाचा चवडा घालायचा आणि वरून चामडी पट्टा ओढायचा. मग पाय घसरत नाही, आणि मागं ओढला की सुटतो. चढावर पायडल खाली दाबता येतं तसं वरही ओढता येतं. नेपानगरच्या कागद मिलमध्ये मी फिटर होतो, तेव्हा मिलच्या शर्यतीसाठी अशी एक सायकल घेतली होती. ती अजून आहे.

माझी बायको निर्मला मागच्या थंडीत गेली. ती आजारी होती तोवर सायकल भिंतीला टांगलेली होती. ती गेल्यावर मला घरात बसवेना. कोणत्याही खोलीत गेलो तरी ती तिथं नव्हती. रस्त्यावर निदान वारा लागायचा. म्हणून मी सायकल खाली काढली, आणि शहरातल्या शनवाऱ्याच्या चौकाजवळ पडलो.

पडलो ते बुटांमुळे. मुलगा तुषार इंदूरला असतो. त्यानं मला कधीतरी फिरायला जाड तळाचे बूट दिले होते. त्यांचा तळ ट्रॅक्टरच्या टायरसारखा. पुढं रिक्षा थांबली, मी पाय मागं ओढला, तळाची खाच पायडलला अडकली आणि मी सायकलीसकट आडवा झालो.

तुषार दुसऱ्याच दिवशी आला. माझा सोललेला गुडघा बघून म्हणाला, "बस झालं पप्पा. सायकल भंगारात देऊ. तुम्ही इंदूरला चला. इथं पडून राहिले तर कोण उचलेल?"

"बुटांमुळे पडलो."

"मग पिंजरे काढून टाका."

"आणि असीरच्या चढावर पाय घसरला तर?"

"असीर? तुम्ही असीरगडापर्यंत जाणार? हद हो गई!"

खरं तर तोवर माझ्या मनात असीरगड नव्हता. तोंडातून निघून गेलं. पण निघालं ते निघालं. मी म्हटलं, "जाऊन दाखवतो. तू स्कूटरवर मागं राहा. एकदाही पडलो तर सायकल मी स्वतः भंगारवाल्याच्या गाड्यावर ठेवीन आणि तुझ्यासोबत येईन. नाही पडलो तर मी इथंच राहणार."

तो कबूल झाला. निर्मलाचं वर्षश्राद्ध झाल्यावर येणाऱ्या रविवारी जायचं ठरलं.

आता बूट पाहिजे होते आणि तिथंच अडलं. आमच्या घरात अशी रीत आहे की बायको गेलेल्या माणसानं वर्षभर स्वतःसाठी नवं कापड किंवा नवा जोडा घ्यायचा नाही. वर्षश्राद्धाच्या दिवशी सासरवाडीचे लोक दुखवट्याचा आहेर आणतात, ते अंगावर घालतात, मग मोकळा. माझी थोरली बहीण सोजरबाई निर्मला गेल्यापासून माझ्याकडेच राहते. रीत मोडू द्यायची नाही, हे तिनं स्वतःचं कामच मानलं आहे.

सून तृप्तीनं इंदूरहून सायकलचे खास बूट पाठवले. सोजरबाईनं खोका दारातच अडवला. "वर्ष सरायच्या आत नवा जोडा? सुनेला कळत नाही, तुलाही कळत नाही का मधू?"

"घालत नाही बाई, नुसते लावून बघतो."

अंगणात लावून बघितले. ते दुसऱ्याच जातीच्या पायडलचे होते. खाली लोखंड ठोकायला भोकं, तळ दगडासारखा आणि पुढून इतका फुगीर की पिंजऱ्यात अर्धासुद्धा जाईना. तृप्तीला फोन करून सांगितलं, "पोरी, बूट फार चांगले आहेत, पण माझी सायकल अडाणी आहे."

ती हसली. "परत करते पप्पा, टेन्शन नका घेऊ."

नवे घ्यायचे नाहीत, पण लोकांचे जुने घालायला रीत आडवी येत नव्हती. मी गल्लीत फिरलो. मास्तरांचे ऑफिसचे बूट आणले. पिंजऱ्यात मस्त जायचे, पण टाच इतकी उंच की पाय तिरपा व्हायचा. मग कवायतीचे पांढरे कापडी बूट आणले. तेही आत छान बसले, पण तळ इतका मऊ की शाहपूरच्या रस्त्याला लागेपर्यंत पायडलची दातरी तळव्यात उमटली आणि बोटं बधिर झाली. पलीकडच्या सुकलालनं क्रिकेटचे बूट देऊ केले. ते बघूनच परत दिले.

"मधुकरभाऊ जोडे मागत फिरतात," अशी गल्लीत बोंब झाली. सुकलाल म्हणाला, "देवळाबाहेर उभे राहा, तिथं चॉइस जास्त मिळेल."

पण या फिरण्यात मला कळलं की मला काय पाहिजे. पुढून निमुळता, वरून गुळगुळीत, तळ सपाट, पातळ आणि कडक, टाच बुटकी. मिलच्या काळात मी असेच बूट घालायचो. ते कधी झिजले आणि कधी टाकले, तेव्हा लक्षही दिलं नव्हतं.

मग मी जे केलं ते आमच्यात कोणी करत नाही. निर्मलाचा धाकटा भाऊ कौतिक निंबोल्याला शेती करतो. त्याला फोन केला. "दुखवट्याला कपडे आणू नको. बूट आण."

दुखवट्याचा आहेर मागून घेतात का कोणी? मग तो म्हणाला, "दाजी, माणसं शालसुद्धा नको नको म्हणतात. तुम्ही डायरेक्ट ऑर्डर देता!"

मी त्याला सगळं सांगितलं. इंदूरचंही सांगितलं. तो म्हणाला, "ताईचं घर बंद करून तुम्ही इंदूरला जाणार? नाही जमायचं. कसे पाहिजेत ते नीट सांगा. मी मोच्याजवळ बसून बनवून घेतो."

"माप?"

"तुमच्या पायाचं माप आमच्याकडे लग्नापासून आहे. नवरदेवाचा जोडा आम्हीच दिला होता, आणि लपवला होता मी. ताईनंच सांगितलं होतं कुठं लपवायचा ते."

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं संसार करून तिनं सांगितलं नव्हतं. मी फोन ठेवला आणि ओट्यावर जाऊन बसलो.

वर्षश्राद्धाला निंबोल्याची माणसं आली. पाटावर बसवून कौतिकनं माझ्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर उपरणं टाकलं. मग ताटावरचं फडकं काढलं. तांबूस चामड्याचे बंदाचे बूट होते. निमुळते आणि सपाट.

सोजरबाई उठलीच. "ताटात जोडे? अरे कौतिक, डोकं ठिकाणावर आहे का?"

"मावशी, ताट आमचं आहे. घरी नेऊन घासू," कौतिक म्हणाला. बायका रडत होत्या, त्यातल्या दोघी हसायला लागल्या. त्यानं वाकून बूट माझ्या पायात घातले. "दाजी, या वेळी लपवत नाही."

बसले बरोबर, पण चावले. नवं चामडं ते. रविवार जवळ आला होता. मी मोजे ओले करून बूट घातले आणि घरात चालत राहिलो. काढले की एरंडेल चोळायचो. सोजरबाई देवघराच्या उंबऱ्यावर बसून राहिली. "इकडं पाऊल टाकलं तर बघ. वासानं देव पळतील!" पण शनिवारी टाचेजवळचं चामडं हट्ट सोडेना, तेव्हा तिनंच आपल्या पाट्याचा वरवंटा दिला. "हे घे. ठोक आतून. मग धुऊन दे." मी ठोकून मऊ केलं.

रविवारी उजाडताच निघालो. तुषार स्कूटरवर मागं. शनवाऱ्याला मी मुद्दाम थांबलो. पाय सहज निघाला.

हायवेला केळीचे ट्रक अंगाजवळून जात होते. बोटं बधिर झाली नाहीत. तळव्याला दातरी लागली नाही. खरं सांगायचं तर थोड्या वेळानं मी बूट विसरलो, आणि चांगल्या बुटाची ओळख तीच. निंबोल्याला कौतिक घरच्यांना घेऊन रस्त्यावर उभा होता. "दाजी, चहा?"

"येताना! आता थांबलो तर तुझा भाचा म्हणेल, दमले."

पुढं चढ लागला. किल्ला दिसायला लागला. मी पायडल दाबत होतो आणि ओढत होतो, छाती भात्यासारखी चालत होती. अन् मधेच शेतातून एक ट्रॅक्टर ट्रॉलीसकट रस्त्यावर आडवा आला. मी ब्रेक दाबले. चढावर सायकल उभी राहिली, कलली. मागून तुषार ओरडला, "पप्पा!"

मी पाय मागं ओढला. सपाट तळ सरकन बाहेर आला आणि जमिनीवर टेकला. मी उभा होतो.

ट्रॅक्टर गेला. आता चढावरच पुन्हा सुरुवात करायची होती, आणि ती न पडता थांबण्यापेक्षा अवघड. पिंजऱ्याच्या भारानं उलटं लटकलेलं पायडल बुटाच्या टोकानं सुलटवलं, चवडा आत सरकवला, एक जोर दिला. चाललो. मिलच्या शर्यतीत पहिला आलो होतो तेव्हासुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता.

गडाच्या पायथ्याला उतरलो. वर बघून मी बोललो, "निर्मला, बघ." ते तुषारनं ऐकलं. त्यानं डिकीतून पाण्याची बाटली काढली, मला दिली आणि दुसरीकडे बघत उभा राहिला. जरा वेळानं त्यानं वाकून बुटाचा तळ बोटानं दाबून बघितला.

"मामानं भारी बनवलेत," तो म्हणाला. मग हेल्मेट घातलं. "मी पुढं होतो. मामाकडे जेवण आहे. तुम्ही या आरामात."

"मागं नाही राहत?"

"कशाला?"

तो गेला. मी पट्टे ओढले आणि निघालो. उतारावर त्याची स्कूटर दिसली, खड्डे चुकवत हळू चाललेली. मी घंटी वाजवली आणि बाजूनं निघून गेलो. मागून शिट्टी ऐकू आली, ती त्याचीच असणार.

निंबोल्याला कौतिक दारात होता. "दाजी, एकटेच? तुषार कुठंय?"

"येतोय मागून," मी म्हटलं.