रेडिओला लावलेला कर्णा

बाबाजान मिस्त्रीनं रेडिओची पाठ उघडली. आत धूळ होती, कोळ्याचं जाळं होतं, आणि स्पीकरच्या जागी नुसतं पत्र्याचं कडं उरलं होतं. त्यातला कागदी पडदा उंदरांनी कुरतडून नेला होता.

"काय झालंय?" बनुबाईनं विचारलं.

"सेट चांगला हाय, मावशी. त्याला ऐकू येतंय, पन बोलता येत न्हाई."

"मग बोलता कर. त्यासाठीच तर आलाईस."

त्यासाठीच तो आला होता. वर्षामागं पलटणीतून रजेवर आलेल्या बनुबाईच्या मुलानं, सूर्यभाननं, हा रेडिओ भिंगारात बाबाजानच्याच दुकानातून नेला होता, सायकलच्या कॅरेजवर बांधून, थेट सोनईपर्यंत. लढाई संपून आता महिना होत आला. सूर्यभानचं शेवटचं पत्र दिवाळीनंतरचं. मग एक तार आली होती. तिच्यात मेला असं नव्हतं आणि आहे असंही नव्हतं. बेपत्ता, एवढंच होतं. त्या तारेपासून घरात चूल पेटत होती, पण वास कशाचा येत नव्हता.

पलीकडच्या देशाचं रेडिओ स्टेशन रोज संध्याकाळी साडेसहाला कैद्यांची नावं वाचतं, हे भिंगारच्या लष्करी छावणीत सगळ्यांना ठाऊक होतं. ज्याचं नाव वाचलं तो जिवंत. आज सूर्यभानच्या पलटणीची नावं येणार, असं बाबाजानच्या कानावर आलं, आणि त्याच दिवशी सूर्यभानच्या बायकोचं, रतनबाईचं, कार्ड त्याला मिळालं होतं: रेडिओ बंद पडला आहे. तो हातातलं काम टाकून एस.टी.त बसला होता. सेटातला दिवा गेला असेल, तार सुटली असेल, असं धरून आला. नवा स्पीकर काही पिशवीत घेतला नव्हता.

पाच वाजून गेले होते. भिंगारला जाऊन यायला वेळ उरला नव्हता.

"गावात दुसरा रेडिओ?"

"हायेत दोन. दोघांनी बी न्हाई म्हनून सांगितलं," दारामागून रतनबाई म्हणाली. "ते स्टेशन लावायला भ्येतात."

"मग स्पीकर कुनाकडं? कसला बी चालंल."

रतनबाई पदर खोचून गेली आणि मारुतीच्या देवळातला भजनी मंडळाचा कर्णा कडेवर घेऊन आली. गहिनीनाथ विणेकऱ्यानं, कशाला पाहिजे हे न विचारता, माळ्यावरून काढून दिला होता.

बाबाजाननं कर्ण्याच्या दोन तारा सेटला टेकवल्या. कर्ण्यातून डास गुणगुणावा तसा आवाज आला.

"मेळ न्हाई बसत," तो म्हणाला. "सेट तीन ओहमच्या स्पीकरासाठी केलाय, अन् कर्णा सोळाचा. घागरीनं बाटलीत पानी वतल्यासारखं व्हतंय. सगळं बाहेरच सांडतं."

"मग नरसाळं लाव," बनुबाई म्हणाली.

बाबाजान हसला. आल्यापासून पहिल्यांदाच. "तेच लावतो, मावशी."

त्याच्या पिशवीत एका मोडक्या सेटमधला जुना ट्रान्सफॉर्मर होता. त्याला बऱ्याच तारा. एक लहान स्पीकरची, एक मधली, एक पंधराची. पंधराची सोळाला चालून गेली असती. पण तारांचे रंग केव्हाच उडाले होते, सगळ्या सारख्याच मातकट. चुकीची जोडली तर आवाज तर नाहीच, वर सेटही जायचा. त्यानं मीटर काढला, एकेक तार धरली, काटा पाहिला, पुन्हा पाहिला. मग एका तारेला सुताची गाठ मारली आणि कथलाचा डाग द्यायचा कैय्या तापायला ठेवला.

कैय्याचा धूर निघत होता तेव्हाच दारात पोलीस पाटील पुंजाराम उभा राहिला.

"मिस्त्री, कर्णा कशाला?"

"आवाजाला."

"ते मला बी कळतं. स्टेशन कंचं?"

बाबाजाननं कैय्याचं टोक चिंधीवर पुसलं.

"हे बघ बनुबाई, तुझं दुख मला ठाव हाय. पन त्यांचं स्टेशन आपल्या गावात कर्ण्यावर वाजलं, तर वर जाब मला द्यावा लागंल. अन् मिस्त्री, मला निदान इचारत्याल तरी. तुला न्हाई इचारनार. तुझं नाव सांगितलं की झालं."

बाबाजानच्या हातातल्या कैय्यावरून कथलाचा थेंब कोब्यावर पडला आणि गोल होऊन राहिला. दुकान त्याचं छावणीच्या फाटकासमोर. वीस वर्षं तिथल्या साहेबांचे सेट त्यानं दुरुस्त केले होते. घरी त्याची बायको शरिफा कंदील पुसून वाट बघत असणार.

"मी घरीच हाय," पुंजाराम जाता जाता म्हणाला. "आवाज आला का येतो."

बाबाजान कैय्या हातात घेऊन तसाच बसला. बनुबाईनं त्याला कर म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. ती आत गेली, दोन गोधड्या घेऊन आली आणि कर्ण्याच्या तोंडाला एकीवर एक गुंडाळू लागली. "आता आमालाच ऐकू यील," ती म्हणाली.

त्यानं मान खाली घातली आणि तार जोडली.

"सूर्यभानचा फौजेतला नंबर ठाव हाय का? आधी नंबर वाचत्यात."

रतनबाई दाराच्या आडून बोलली. बोलली कसली, जात्यावरची चाल तिच्या तोंडातून आपसूकच निघाली:

"सत्तावीस चौदा बाई, रायाच्या बिल्ल्यावरी
त्रेचाळीस नऊ बोलं, जीव माझा उंबऱ्यावरी."

बाबाजाननं खिशातल्या पेन्सिलीनं तळहातावर लिहिलं: २७१४४३९.

साडेसहाला सेटमध्ये शिट्ट्या वाजल्या, वाळू सरकावी तसं काही सरकलं, आणि मग एक शांत, कोरडा आवाज आला. गोधड्यांच्या आतून तो विहिरीतून आल्यासारखा वाटत होता. नंबर, नाव, बापाचं नाव, गाव. नंबर, नाव, बापाचं नाव, गाव. बाबाजान कर्ण्याला कान लावून बसला. आवाज लाटेसारखा येई आणि ओसरे. एक नाव गोधड्यांतच विरलं.

"कोन व्हता?"

"सातारचा कुनीतरी, मावशी."

दुसरं गेलं. त्याचं गावसुद्धा कळलं नाही. बाबाजाननं आवाज वाढवला. ट्रान्सफॉर्मर हाताला चटका देऊ लागला, जुन्या मेणाचा वास सुटला. तिसरं नाव निम्मंच आलं.

"आत्ता काय म्हनला?"

"न्हाई कळलं."

बनुबाईनं त्याच्याकडं एकदा पाहिलं. मग उठली आणि दोन्ही गोधड्या एका हिसक्यात ओढून काढल्या.

कर्णा आळीभर बोलू लागला. अक्षर न् अक्षर सुटं, निवडलेल्या ज्वारीसारखं. समोरच्या घराची कवाडं उघडली, कोणी ओट्यावर आलं, कोणी हातातली भाकरी तशीच घेऊन आलं. आणि गर्दीतून पुंजारामच्या वहाणांचा आवाज ओळखू आला.

"बंद कर," तो दारातून म्हणाला. "मिस्त्री, तुला सांगतोय. बंद कर."

बाबाजानचा हात बटणावर गेला. त्यानं बटण फिरवलं नाही, हातही काढला नाही.

"पाटील, दोन मिंटं," तो म्हणाला. "मग मला न्या."

पुंजाराम उंबरा ओलांडून आत आला. त्यानं तारेला हात घातला.

"सिपाही, नंबर दो सात एक चार..."

रतनबाई दाराआडून बाहेर आली, सगळ्यांच्या देखत. तिचे ओठ हलत होते.

"...चार तीन नौ. सूर्यभान, वल्द कानिफनाथ, मौजा सोनई, जिला अहमदनगर."

पुंजारामचा हात तारेवरच राहिला. आवाज पुढच्या माणसाकडं गेला होता. त्याला कोणाचं काय झालं ते माहीत नव्हतं.

बनुबाई भुईवर बसली. बाबाजाननं सेट बंद करायला हात पुढं केला, कारण धूर आता डोळ्यांना दिसत होता.

"राहू दे," ती म्हणाली. "बाकीची पोरं हायेत अजून. कुनाकुनाच्या आया ऐकत असत्याल."

पुंजारामनं तार सोडली. खाली बसून त्यानं कोपऱ्यातलं सूप उचललं आणि धुमसत्या ट्रान्सफॉर्मरला वारा घालू लागला. यादी संपेपर्यंत तो घालत होता.

मग बाबाजाननं सेट बंद केला.

"जेवला का, ते न्हाई सांगत?" बनुबाईनं विचारलं.

"न्हाई, मावशी. नावच सांगत्यात फक्त."

"मग ते तरी परत सांगायला लाव."

"परत न्हाई सांगत ते."

ओट्यावर आता अर्धी आळी जमली होती. मागून आलेले विचारत होते, काय म्हणाला, पुरं काय म्हणाला. रतनबाईनं तोंड उघडलं आणि पदर दातात धरला. बनुबाई म्हणाली, "सूर्यभान..." आणि नवऱ्याच्या नावापाशी येऊन थांबली.

"मिस्त्री, तूच सांग," पुंजाराम म्हणाला. "त्यो म्हनला तसंच सांग."

बाबाजान उंबऱ्यावर उभा राहिला. घसा खाकरला, आणि त्या कोरड्या आवाजाच्याच तालात म्हणाला, "सिपाही सूर्यभान, वल्द कानिफनाथ, मौजा सोनई, जिला अहमदनगर."

खालच्या आळीची माणसं आली, त्यांना त्यानं पुन्हा सांगितलं. मळ्यातली आली, त्यांनाही. घसा बसत चालला तरी तो एक शब्द इकडचा तिकडं होऊ देत नव्हता. आणि रतनबाई त्याच्या पाठीशी दाराला टेकून दर वेळी ते नव्यानं ऐकत राहिली.