मॅग्नोलियाचे दोन हात

लहान मुलाच्या फुफ्फुसांइतकी पवित्र गोष्ट जगात दुसरी नाही, याबद्दल इंग्लंडातल्या क्रॉशॉ गावात कोणाचंच दुमत नव्हतं. डॉक्टर तसं म्हणत, शाळा तसं म्हणे, नगरसेवक निवडणुकीच्या सुमारास दारोदार येऊन तसं म्हणत आणि अख्ख्या वसाहतीला घरं भाड्यानं देणारी असोसिएशन तर एका गुबगुबीत बाळाच्या फोटोखाली तसं छापून वाटत असे. दुमत होतं ते एवढ्याशा मुद्द्यावर, की एल्सी-मेच्या पलंगामागची भिंत काळी का पडते.

असोसिएशनच्या मते ती काळी पडतच नव्हती. तिच्यावर 'छटा' येत होती. बुरशी हा शब्द त्यांच्या माणसांच्या तोंडून चुकूनही निघत नसे. आणि ही छटा भिंतीतून येत नाही, भाडेकरूच्या राहणीमानातून येते, असं एल्सी-मेच्या आईला, म्हणजे कीलीला, फोनवर फार सौजन्यानं समजावून देण्यात आलं.

"मॅडम, तुम्ही कपडे घरात वाळत घालता का?"

"नोव्हेंबर चाललाय. बाहेर घातले तर ईस्टरला वाळतील."

"स्वयंपाक करता?"

"भूक लागली की करते."

"आंघोळ वगैरे?"

"आता त्याचीही परवानगी काढायची का?"

"तसं नाही मॅडम, पण वाफ होते. आणि दोन माणसं रात्रभर श्वास घेतात म्हटल्यावर भिंतीवर दमटपणा हा येणारच. खिडक्या उघड्या ठेवा आणि हीटर चालू ठेवा."

"दोन्ही एकदम?"

"दोन्ही एकदम," पलीकडची बाई म्हणाली. तिच्या आवाजावरून तरी तिला यात काही विनोदी वाटत नव्हतं.

कीली एका वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात कामाला होती. दिवसभर दुसऱ्यांच्या चादरींची वाफ खायची आणि घरी येऊन स्वतःच्या वाफेबद्दल बोलणी खायची, असा तिचा दिनक्रम होता. एल्सी-मे पाच वर्षांची. वर्गात सगळ्यांत बुटकी. बाकीच्या पोरी पावसात डबक्यांतून उड्या मारत असायच्या, तेव्हा ही शाळेच्या कट्ट्यावर तोंड उघडं टाकून बसलेली असे. रात्री खोकल्यानं झोप नाही, म्हणून सकाळी पेंग. वाचायला उभी केली की तिसऱ्या शब्दाला तिला दम लागे, आणि बाईंना वाटे की हिला तिसरा शब्द येत नाही. प्रगतिपुस्तकात त्यांनी 'शांत मुलगी' असा शेरा दिला होता. कीलीला तो वाचून आधी बरं वाटलं आणि मग रडू आलं.

मागच्या दोन्ही हिवाळ्यांत पोरीला रुग्णवाहिकेतून न्यावं लागलं होतं. या खेपेला ऑक्टोबरातच डॉ. सिद्दीकीबाईंनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "कीली, पंप देते, गोळ्या देते, पण मी औषध देणार छातीला आणि आजार आहे भिंतीला. या वयात फुफ्फुसं वाढतात. आत्ता जेवढी वाढायची राहतील, तेवढी कायमची राहतील. हा हिवाळा तिनं त्या खोलीत काढता कामा नये."

नुसतं म्हणून त्या थांबल्या नाहीत, त्यांनी असोसिएशनला तसं कळवलंही. आणि चमत्कार असा, की असोसिएशननं दखल घेतली. टेकडीवर बीकन कोर्ट नावाची नवी इमारत झाली होती. तिथला तळमजल्याचा एक फ्लॅट डिसेंबरात मोकळा होणार होता. कोरडा ठणठणीत, खिडक्या दुहेरी काचेच्या. त्यांचा तपासनीस येऊन कीलीचं घर बघणार, आणि त्याला पटलं तर तो फ्लॅट एल्सी-मेला मिळणार, असं ठरलं.

हे सगळं घडवून आणलं होतं ग्लेनिस मावशीनं. ग्लेनिस म्हणजे खालच्या मजल्यावरची साठीची बाई, वसाहतीच्या भाडेकरू समितीची अध्यक्ष, आणि समिती म्हणजेही जवळजवळ तीच. एल्सी-मे जन्मली तेव्हा दवाखान्यात कीलीचा हात धरून बसली होती ती हीच. पोरीचा बाप त्या वेळी गाडीला जागा शोधायला म्हणून गेला होता. त्याला बहुधा अजून मिळालेली नाही. कीलीची पाळी उशिरा सुटायची, त्यामुळे पोरीला शाळेतून आणणं, टोस्टवर बीन्स घालून देणं, पंप ओढायला लावणं, सगळं ग्लेनिसकडे. "अर्ज कर गं, घाबरतेस काय त्या टायवाल्यांना! मी आहे ना," असं कीलीच्या मागे लागून तिला फोन करायला लावलं होतं तेही तिनंच. कीलीच्या घराची एक किल्ली ग्लेनिसकडे असे. ग्लेनिसच्या घराची कीलीकडे नव्हती, पण हे कीलीच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

तपासनीस गुरुवारी सकाळी यायचा होता. बुधवारी कीली पोरीला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेली. तिथे एल्सी-मेनं एका नळीत फुंकर मारली, नर्सनं "अजून जोरात, राजा!" असं तीनतीनदा म्हटलं, आणि मग नर्सनं म्हणायचं सोडून दिलं. संध्याकाळी दोघी घरी आल्या तर जिन्यातच रंगाचा वास.

घर लखलखत होतं. ओटा घासलेला, पडदे धुतलेले, बाथरूममध्ये ब्लीचचा असा भपकारा की डोळ्यांत पाणी यावं. आणि पलंगामागची भिंत मॅग्नोलिया. इंग्लंडात भाड्याच्या घरांना जो एक रंग देतात, धड पांढरा नाही, धड पिवळा नाही, आजारी सायीसारखा, तो मॅग्नोलिया. दोन हात. काळ्याचा मागमूस नाही.

ग्लेनिस मधोमध हातमोजे घालून उभी होती. "बघ! ओळखतेस का स्वतःचं घर?"

"मावशी," कीली म्हणाली. "अगं, तो भिंत बघायलाच येतोय."

"येऊ दे की. पण घरात परका माणूस येणार आणि घर असलं? काय म्हणेल तो? आपण काय तसली माणसं आहोत का?"

'तसली माणसं' या दोन शब्दांपुढे क्रॉशॉमध्ये कोणाचं काही चालत नसे. इथे बायका डॉक्टर घरी येणार म्हटलं की आजाऱ्याला उठवून चादर बदलत. मीटर वाचणारा येणार म्हणून मीटर पुसत. कीलीची स्वतःची आई रुग्णवाहिका बोलावल्यावर पायऱ्या धुवायला गेली होती आणि तिथेच गेली. त्यामुळे कीलीला ग्लेनिसचा राग येईना. चूक तर होती, पण अशी चूक मायेच्या माणसाकडूनच होते, असं तिला वाटलं. उलट, मी घरी असते तर मीही कदाचित हेच केलं असतं, असाही एक ओशाळा विचार तिच्या मनात येऊन गेला.

"थँक्यू मावशी," ती म्हणाली. हे 'थँक्यू' तिला पुढे फार दिवस पुरलं.

गुरुवारी तपासनीस आला. ऑग्डन त्याचं नाव, सभ्य माणूस, दारातच त्यानं बूट काढायची तयारी दाखवली. ग्लेनिस समितीची अध्यक्ष म्हणून हजर होतीच. ऑग्डनसाहेबांनी भिंत जवळून पाहिली, लांबून पाहिली.

"छान ठेवलंय घर."

"साहेब, याच्या खाली काळं आहे," कीली म्हणाली. "कालच रंगवलंय. तुमचं ते ओल मोजायचं यंत्र लावून बघा."

ऑग्डननं खिशातलं यंत्र काढून भिंतीला टेकवलं. यंत्र केकाटलं.

"बघा! ओली आहे!"

"ओली असणारच मॅडम. रंग ओला आहे." त्यानं यंत्र बंद करून खिशात टाकलं. "ताज्या रंगावरचं माप आम्ही धरत नाही. आणि खालचं काळं म्हणाल, तर जे दिसतं तेच मला लिहिता येतं. मला मॅग्नोलिया दिसतो."

"माझ्याकडे फोटो आहेत."

"फोटो कुठल्याही भिंतीचे असू शकतात. तुमचे तसे आहेत असं नाही म्हणत मी." मग तो एल्सी-मेसमोर उकिडवा बसला. खरंच मनापासून बसला. "काय गं ताई, रात्री झोप लागते का?"

एल्सी-मेनं ग्लेनिसकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो. छान लागते."

"खोकला?"

"नाही." आणि एवढं बोलून ती खोकली.

"वासानं होतं तसं," ग्लेनिस म्हणाली. "रंगाच्या."

ऑग्डन हसला, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेला.

पुढच्या आठवड्यात फोन आला. छटा आढळली नाही. राहणीमान समाधानकारक. उलट भाडेकरूनं स्वतः होऊन रंगकाम केल्याबद्दल असोसिएशन आभारी आहे. बीकन कोर्टसाठी कीलीचं नाव आता पुढल्या वर्षी विचारात घेतलं जाईल.

कीलीनं ग्लेनिसच्या गळ्यात पडून रडून घेतलं. ग्लेनिसनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि "मेले टायवाले," असं दोनदा म्हणाली.

मग रंगातून डाग वर आले. आधी सावलीसारखे, मग ठिपके, मग जुनी भिंत आपली परत. एका सकाळी शाळेच्या चढावर एल्सी-मे मध्येच थांबली, तशी ती रोजच थांबे, आणि श्वास जमवत म्हणाली, "आई, मी त्या काकांना खोटं सांगितलं."

"कुठल्या काकांना?"

"बीपवाल्या. मला झोप नाही लागत."

"मग लागते असं का म्हणालीस, बाळा?"

"ग्लेन मावशी म्हणाली." पुन्हा श्वास. "तसं म्हटलं की चॉकलेटचं बिस्किट. दोन." पुन्हा श्वास. "एकच दिलं."

कीली चढाच्या मधोमध उभी राहिली. ज्या बाईला घराची लाज वाटते ती भिंत रंगवते, हे तिला समजत होतं. पण पोरीच्या झोपेवर कोण रंग देतं?

त्या दिवशी तिनं अर्ध्यातच काम सोडलं आणि थेट ग्लेनिसचं दार वाजवलं.

"अगं, लवकर आलीस! ये, चहा टाकते."

"चहा नको."

क्रॉशॉमध्ये चहा नको म्हणणं म्हणजे जवळजवळ पोलिसात तक्रार देणं. ग्लेनिसनं किटली खाली ठेवली.

"कोणासाठी केलंस, मावशी?"

ग्लेनिसनं उगाच 'काय केलं' असं विचारलं नाही. तेवढा मान तिनं राखला. "टान्यासाठी," ती म्हणाली. टान्या म्हणजे तिची मुलगी. दोन गल्ल्या सोडून राहायची, मांडीवर आठ महिन्यांचं बाळ. "छतातून गळतं गं तिच्याकडे. बाळाच्या पाळण्यावर छत्री उघडून ठेवते ती. तुझं निदान भिंतीवरच आहे."

"अर्ज करायला तूच लावलास मला."

"तेव्हा त्या बाळाची छाती भरली नव्हती. नंतर भरली. तुझ्यानंतर टान्याचंच नाव होतं."

"मग मला सांगायचंस! मी भांडले असते तुझ्याशी, जिन्यात उभं राहून शिव्या दिल्या असत्या."

"आणि जिंकली असतीस. तुझ्या बाजूला डॉक्टरीणबाई होती. टान्याच्या बाजूला मीच काय ती."

"माझ्या पोरीला बिस्किट देऊन खोटं बोलायला लावलंस तू. माझ्या किल्लीनं माझ्या घरात शिरून. आणि मी तुला थँक्यू म्हटलं!"

ग्लेनिस ओट्याकडे तोंड करून उभी होती. "रंगसुद्धा टान्याकडचाच उरलेला होता," ती म्हणाली. "तिच्याकडेही टिकला नाही." मग किटली उगाच पुसत म्हणाली, "माझा जीव आहे गं तिच्यावर. एल्सीवर. तुला काय वाटतं, नाहीये?"

वाईट हेच होतं, की कीलीला तसं वाटत नव्हतं. जीव होता, हे तिला पक्कं माहीत होतं. ग्लेनिसनं दोन पोरांचे खोकले दोन हातांत तोलून पाहिले होते आणि एक खाली ठेवला होता. तो ठेवताना तिला रडूही आलं असेल. त्यानं भिंतीला काही फरक पडत नव्हता.

"किल्ली दे," कीली म्हणाली.

ग्लेनिसनं एप्रनच्या खिशातून किल्ली काढून ओट्यावर ठेवली. हातात दिली नाही. कीलीनं ती उचलली आणि वर गेली.

जानेवारीत एल्सी-मेला तिसऱ्यांदा रुग्णवाहिका आली. चार दिवसांनी ती घरी आली, तेव्हा तिला जिना एका दमात चढता येत नव्हता. कीलीनं पलंग स्वयंपाकघरात हलवला. शाळेतून आणायला आता एक कॉलेजातली पोरगी पैसे घेऊन जात असे आणि पंप द्यायला विसरत असे.

बीकन कोर्टचा फ्लॅट टान्यालाही मिळाला नाही. फेब्रुवारीत असोसिएशननं तिथे आपलं ऑफिस नेलं. जुन्या जागेत ओल होती आणि कर्मचाऱ्यांना खोकला होत होता.