तराफ्याच्या वाटेवरची नळी

मित्रांनो, रस्त्यावर आडवी ताणून खिळ्यांनी पक्की केलेली, बोटभर जाडीची काळी नळी तुम्ही कधीतरी ओलांडली असेल. चाकाखाली थप-थप झाले असेल आणि पुढच्या वळणावर तुम्ही ते विसरलाही असाल. ती नळी म्हणजे मी. आता जुनी झाले आहे आणि नगरपालिकेच्या कोठीत एका खुंटीवर वेटोळे करून टांगलेली आहे.

माझा जन्म रबराच्या कारखान्यात झाला. तापलेल्या साच्यातून मी बाहेर आले ती माझ्या जुळ्या बहिणीबरोबरच. आमचे काम साधे होते. चाक अंगावरून गेले की आतली हवा दबते, तो दाब धावत जाऊन कडेच्या पेटीला धक्का देतो आणि पेटी वेळ टिपून ठेवते. आम्ही दोघी एकमेकींपासून बरोबर एक मीटरवर पडून असायचो. आधी कुणावर चाक आले आणि किती वेळाने दुसरीवर, यावरून गाडीची दिशा आणि वेग कळे. त्यावरून पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतरही कळे. गाडीचा रंग आम्हाला कळत नसे, पण तिची पावले आम्ही ओळखायचो.

आम्हाला वापरणारी नगरपालिकेतली एक बाई होती. गावात सगळे तिला मोजणीबाई म्हणत. काम संपले की ती आम्हाला धुवायची, सावलीत वाळवायची, मगच गुंडाळायची. तिच्या हाताखाली मी कित्येक रस्ते मोजले. पण आज सांगायची आहे ती नदीकाठची मोजणी.

नदीवर पूल नव्हता. माणसे आणि गाड्या तराफ्याने पलीकडे जात. एक फेरी चुकली की दीड तास काठावर बसायचे. नगरपालिकेकडे पुलाइतका पैसा नव्हता. तेव्हा एक कंपनी पुढे आली. पूल आमच्या पैशाने बांधतो, म्हणाली, पंचवीस वर्षे टोल घेतो. मात्र रोज हजार गाड्या हव्यात. त्याहून कमी आल्या, तर कमी पडलेला टोल दरवर्षी नगरपालिकेने भरायचा. म्हणून आधी सात दिवस मोजणी ठरली. तराफ्याकडे जाणाऱ्या वाटेवर आम्हाला ठोकले आणि शेजारी पाटी लावली, ‘पुलासाठी मोजणी चालू आहे.’

पाटी वाचून गाव हरखले. आकडा वाढला की पूल येणार, एवढेच लोकांनी मनाशी धरले. मोजणी म्हणजे त्यांना मतदानासारखी वाटली. जितके जास्त, तितके बरे.

सातव्या दिवशी सकाळी मोजणीबाईने पेटीतला कागद काढला. रोजचा आकडा हजाराच्या वर होता. ती खूश व्हायला हवी होती. पण ती चाकांमधली अंतरे वाचत गेली आणि तिचे बोट एका जागी थांबले. दोन मीटर एकवीस सेंटिमीटर. खाली पुन्हा तेच. दहा-दहा मिनिटांनी, एकदा जाताना, एकदा येताना.

ते अंतर तिला पाठ होते. त्या बनावटीच्या टेम्पोत ते दोन मीटर तेरा असते. पण एका टेम्पोचा अपघात झाला होता आणि लोहाराने त्याचा मागचा एक्सल चार बोटे मागे बसवला होता. लोहाराकडे टेप धरून उभी होती ती हीच बाई. टेम्पो तिच्या सख्ख्या मोठ्या भावाचा होता.

तिने कागद घडी करून मुठीत धरला. चार वाजता कंपनीचा माणूस आकडे घ्यायला येणार होता.

थोड्याच वेळात तो टेम्पो आलाच. माझ्यावरून गेला, चहाच्या टपरीला वळसा घालून परत फिरला. बाई रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

“दादा, खाली उतर.”

“किती झाले गं, चिमे?” त्याने हसत विचारले.

“तुझे एकट्याचे चारशे बत्तीस. स्टँडवरचे बाकीचे पाच टेम्पोवालेही तेच करतायत ना?”

“डिझेल आमचं आहे. तुझ्या पालिकेकडे मागितलं का?”

ती हसली नाही. त्याचेही हसू मावळले. मग तो हळू आवाजात बोलू लागला. त्याच्या बायकोची मूत्रपिंडे निकामी झाली होती. रक्त शुद्ध करायला तिला आठवड्यातून दोनदा पलीकडच्या दवाखान्यात न्यावे लागे आणि तिथे साडेतीन तास यंत्राला जोडून ठेवत. मागच्याच आठवड्यात फेरी चुकली आणि ती काठावर बेशुद्ध पडली होती.

“तुझी वहिनी आहे ती,” तो म्हणाला. “तुझी वेणी घालून तुला शाळेत पाठवायची. कागद दे आणि गप्प बस. एवढंच मागतोय.”

बाईच्या मुठीतला कागद चुरगळला. “दादा, पूल होईल. पण न आलेल्या गाड्यांचा टोल पंचवीस वर्षं आपण भरायचा. गावाच्या पाणीयोजनेचे पैसे त्यात जातील. वहिनीचं यंत्र आपल्या दवाखान्यात आणायचं चाललंय, ते पैसेही त्यातच.”

“आणि पूलच नाही झाला तर?”

तिने चुरगळलेला कागद तळहातावर सरळ केला. “तर मला बोल लाव,” एवढेच म्हणाली.

चार वाजता कंपनीचा माणूस आला. बाईने त्याला सांगितले की हे सात दिवस रद्द धरा, मोजणी पुन्हा होईल. कारण तिने लपवले नाही, फक्त भावाचे नाव घेतले नाही. ते त्याने स्वतःच घेतले. टेम्पोतून उतरून तो पुढे आला आणि म्हणाला, “सुरुवात मी केली.”

दुसऱ्या मोजणीला तो सातही दिवस आमच्याजवळ बसून होता. कुणी उगाच वळून आले की त्याला खडसावायचा. आकडा आला सहाशे दहा. कंपनीने फाइल मिटली.

त्यानंतरचे दिवस वाईट होते. बाई बाजारात आली की गप्पा थांबत. कुणी तिला ऐकू जाईल असे म्हणे, पूल खाल्ला हिने. वहिनी तराफ्याने जात राहिली. प्रत्येक फेरीच्या दिवशी बाई कचेरीच्या खिडकीतून नदीकडे बघत राही.

पण खरा आकडा हाती असल्यामुळे पुढचा हिशेब खरा मांडता आला. सहाशे गाड्यांना अरुंद पूल पुरत होता. पूल झाल्यावर पलीकडे ज्यांच्या जमिनींचे भाव चढणार होते, त्यांनी वाढीतला काही हिस्सा आधीच द्यायचे लिहून दिले. उरलेल्या पैशासाठी नगरपालिकेने छोटे छोटे रोखे काढले. गावकऱ्यांनी ते विकत घेतले. म्हणजे गावानेच पुलाला कर्ज दिले आणि दरवर्षी त्याचे व्याज घेतले. पहिला रोखा टेम्पोवाल्या दादाने घेतला. या सगळ्याला चार वर्षे लागली. वहिनी तोवर तग धरून राहिली, हे तिचे धैर्य.

पूल खुला झाला त्या दिवशी बाईने आम्हाला पुलाच्या तोंडाशी ठोकले. संध्याकाळी तिने कागद वाचला. दोन मीटर एकवीस सेंटिमीटर त्यात दोनदाच होते. एकदा जाताना आणि चार तासांनी येताना. तिने त्या दोन ओळींवर बोट ठेवले आणि बराच वेळ उचलले नाही.

आता माझ्या अंगाला भेगा पडल्या आहेत. बाई निवृत्त झाली. नवे लोक आम्हाला ओल्यानेच गुंडाळून ठेवतात. भेगेतून हवा गळते आणि मग मी नकळत कमी मोजते. मित्रांनो, मोजणारी वस्तू कोणतीही असो, तिला धुऊन-पुसून ठेवा. ती बिघडली, तर तिच्या भरवशावर उभे राहणारे सगळेच बिघडते. आणि माझ्यासारखी कुणी रस्त्यात आडवी दिसली, तर तुमच्या कामाला जेवढे जायचे तेवढेच जा. आम्ही बरोबर मोजू.